वेडोलिझुमॅब शिरेतून देतात, मग ते फक्त आतड्यातच कसं काम करतं?

वैदेही_ऐरोली
धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणारा आजार) आहे. आतड्याची सूज कमी करणारं मेसालामाइन चालू आहे, पण स्टिरॉइड कमी केलं की पुन्हा रक्त पडायला लागतं. आता डॉक्टर वेडोलिझुमॅब सुचवतायत. म्हणाले, "हे फक्त आतड्यापुरतं काम करतं." अहो, पण सलाईनमधून दिलेलं औषध अंगभर फिरणारच ना? आईचं एकच म्हणणं, पोरगा आधीच खंगलाय, त्यात प्रतिकारशक्ती मारणारं औषध कशाला? तो रोज ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीतून जातो, त्यामुळे मलाही धास्ती आहे. कोणी नीट समजावेल का?

मोहन_खारघर
वैदेहीताई, औषध अंगभर फिरतं हे बरोबर. ते अडवतं मात्र ठरावीक पेशींना, आणि त्याही ठरावीक ठिकाणी.

पांढऱ्या पेशी रक्तातून वेगाने वाहत असतात. जिथे सूज आहे तिथे रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं वर येतात. त्यांना अडखळत पेशी घरंगळू लागते. तिथल्या रासायनिक खुणा मिळाल्या की तिच्या अंगावरची इंटेग्रिन नावाची चिकटणारी प्रथिनं उघडतात, ती घट्ट चिकटते आणि अस्तराच्या फटीतून पलीकडे शिरते. माझं पीएचडीचं काम यावरच होतं. सपाट काचनळीत अस्तराच्या पेशी वाढवायच्या आणि त्यावरून पांढऱ्या पेशी वाहत्या सोडायच्या. घरंगळणारी पेशी एकदम थबकते, चपटी होते आणि दिसेनाशी होते. ते पाहताना मला जेवणाचंही भान राहत नसे.

हा उलगडा करणाऱ्यांत हार्वर्डच्या टिमोथी स्प्रिंगर यांचा वाटा फार मोठा. एलएफए-१ हे इंटेग्रिन आणि ते ज्याला चिकटतं ते आयकॅम-१, दोन्ही त्यांच्या गटाने ओळखली. वैद्यकीय संशोधनासाठीचा २०२२ चा लास्कर पुरस्कार त्यांना रिचर्ड हाइन्स आणि एर्की रुओस्लाहती यांच्यासोबत मिळाला.

आईंची भीती मात्र उगाच नाही. काही बाळांत बीटा-२ इंटेग्रिन (एलएफए-१ याच गटातलं) जन्मतःच सदोष असतं. त्यांची नाळ उशिरा गळते, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट असतात आणि तरी जखमेत पू होत नाही, कारण पेशी तिथे पोचतच नाहीत. चिकटणं सरसकट बंद करणं असं जिवावर बेततं. सोरायसिससाठी एलएफए-१ अडवणारं एफालिझुमॅब २००९ मध्ये बाजारातून गेलं ते मेंदूच्या एका गंभीर विषाणूसंसर्गामुळे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरचं नॅटालिझुमॅबही त्याच संसर्गामुळे २००५ मध्ये थांबवलं होतं. २००६ मध्ये ते कडक अटींवर परत आलं. ते अल्फा-४ असलेली दोन्ही इंटेग्रिन अडवतं, आणि त्यातलं एक पेशींना मेंदूत शिरायला लागतं.

आतड्याकडे जाणाऱ्या लिम्फोसाइटवर (हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) अल्फा-४ बीटा-७ ही इंटेग्रिनची जोडी असते. ती चिकटते मॅडकॅम-१ या प्रथिनाला, आणि ते मुख्यतः आतड्याच्या रक्तवाहिन्यांवर असतं. वेडोलिझुमॅब फक्त या जोडीवर बसतं. फुप्फुसाकडे आणि त्वचेकडे जाणाऱ्या पेशी इतर रेणू वापरतात, त्यामुळे लोकलच्या गर्दीची चिंता स्टिरॉइडवर असताना जास्त करा, यावर कमी. स्प्रिंगर यांनी १९९३ मध्ये ल्यूकोसाइट ही कंपनी काढली, हे औषध तिथे आकाराला आलं आणि २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

माजिवडा_मीनल
मी हेच घेते. ३०० मिलिग्रॅम, अर्धा तास सलाईन. पहिल्यानंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होतेच. एक सांगते, गुण सावकाश येतो. काहींना तर तीन महिने लागतात. तेवढ्यात घाबरून सोडू नका, आणि स्टिरॉइड मनाने बंद करू नका. मला अधूनमधून सर्दी होते, बाकी ठीक.

वैदेही_ऐरोली
दोघांचेही मनापासून आभार. मोहनदादा, म्हणजे आतडं मात्र उघडं पडणार? हा बाहेरचं खातो.

मोहन_खारघर
थोडं दुबळं होतं, पूर्ण उघडं नाही. जिवाणूंवर पहिल्यांदा धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मुख्यतः बीटा-२ इंटेग्रिनने चिकटतात, त्यांना हे औषध अडवत नाही. तरी जुलाब वाढले किंवा ताप आला तर "आजारच उसळला" असं धरून घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, ते शौचाची तपासणी सांगतील. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल हा जुलाब करणारा जिवाणू आहे का, तेही बघायला सांगा.