मदत हवी आहे: राजदूत शत्रूच्या राजधानीत अडकलाय

मंडळी, आम्ही काही जण मिळून अंतराळातला रोलप्ले (प्रत्येकाने आपापली भूमिका घेऊन मिळून रचायची गोष्ट) लिहितो. लघुग्रहांवरच्या खाणींचा तह मोडून शेजारच्या साम्राज्याने माझ्या सीमेवर ताफा आणून उभा केलाय आणि माझा राजदूत अजून त्यांच्याच राजधानीत! १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार युद्ध पेटलं तरी राजदूताला सुखरूप जाऊ द्यावं लागतं, पण आमच्या खेळात तसा नियमच नाही. त्यात निरोप प्रकाशाच्याच वेगाने जाणार (सूत्रधाराचा हट्ट!), म्हणजे ४ प्रकाशवर्षांवरून उत्तर यायला ८ वर्षं. राजदूताला तहाचे पूर्ण अधिकार आधीपासूनच होते, असं आता लिहिलं तर लबाडी वाटेल का? हल्ला नको, त्यांचा ताफा माझ्या दुप्पट आहे. कथेतच बसेल अशी सुटका सुचवा ना.