गावचं घर कुलूपबंद. जनगणनेत आम्ही कुठले?

ठाण्याचा_चाकरमानी:
आमचं लांजा तालुक्यातलं घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असतं. आम्ही राहतो ठाण्यात. भावकीतले काका मागे लागलेत, "नावं गावातच लावा, नाहीतर घर कागदावरून जाईल." असं होतं का? आणि दोन्हीकडे नावं लावली तर काय बिघडतं?

निवृत्त_गुरुजी:
काकांना सांगा, निश्चिंत राहा. जनगणनेने घराची मालकी ठरत नाही. २००१ आणि २०११, दोन्ही वेळा मी आमच्या भागात प्रगणक होतो. घरं आणि माणसं वेगवेगळ्या वेळी मोजतात. आमच्याकडे घरयादी झाली २०१० च्या मे महिन्यात, शिरगणती २०११ च्या फेब्रुवारीत.

घरयादीला आधी वाडीचा नजरी नकाशा काढायचा. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. देऊळ, गिरणी, बंद घर, सगळ्यांना नंबर. मग भिंत कशाची, जमीन कशाची, छप्पर कशाचं. हाताने केलेल्या कौलांना एक कोड, मशीनच्या कौलांना दुसरा. आता माजघरावर नळे, ओटीवर मंगलोरी, मागे पत्रा, असं घर निघालं की मी अंगणात मान वर करून उभा! ज्याचं प्रमाण जास्त ते लिहायचं.

कुटुंब मोजायचं ते चुलीवरून. एका घरात वहिनीने मला मागच्या दारी गाठून हळूच सांगितलं, "चुली दोन आहेत, पण भावजींसमोर वाचू नका." दोन कुटुंबं लिहिली आणि वाचली नाहीत. माहिती गुप्त ठेवायचं १९४८ च्या जनगणना कायद्यातच आहे; ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.

मे महिन्यात ज्या घरांत पाय ठेवायला जागा नव्हती, त्यांनाच फेब्रुवारीत कुलपं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. दारोदार फिरल्यामुळे मला नवल वाटलं नाही.

दोन्हीकडे नावं लावू नका. एकच पोरगं दोन शाळांच्या पटावर, तसला प्रकार होईल तो.

माहेरवाशीण:
गुरुजी, आईबाबा थोडे दिवस गावी, थोडे दिवस आमच्याकडे पुण्यात. त्यांचं काय?

निवृत्त_गुरुजी:
ताई, त्यांचं नेहमीचं घर कोणतं, ते आधी ठरवा. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी अशी मुदत होती. त्यात एखादा दिवस जरी त्या घरी असले, तर गणती तिथेच. पूर्ण मुदत बाहेर काढली, तर जिथे सापडतील तिथे.

२८ ला रात्री बेघरांची गणती. टॉर्च घेऊन एस.टी. स्टँडवर फिरलो. १ ते ५ मार्च पुन्हा घरोघर, कारण हिशोब १ मार्चच्या शून्य वाजताचा. एका घरी पहिल्या फेरीत आजीबाईंनी स्वतःचं वय "लिही ऐंशी" म्हणून सांगितलं होतं. ३ मार्चला गेलो तर दारात चपलाच चपला. २७ च्या रात्री गेल्या. त्यांच्या नावावर रेघ मारायला ओटीवर बसलो, तर सुनेने चहा आणला. शेजारच्या घरात २ मार्चला मुलगा झालेला; तो धरायचा नाही. त्याच्या आजोबांना हे काही केल्या पटेना.

ठाण्याचा_चाकरमानी:
म्हणजे आम्ही ठाण्याचे. पण कुलूपबंद घराचं छप्पर कशाचं, हे कोण सांगणार?

निवृत्त_गुरुजी:
किल्ली कोणाकडे असते?

ठाण्याचा_चाकरमानी:
शेजारच्या काकूंकडे.

निवृत्त_गुरुजी:
मग झालं तर. छप्पर बाहेरूनही दिसतं आणि घर बंद असलं तरी नंबर पडतो. २०२७ च्या गणनेचा क्षण १ मार्चचाच आहे, फक्त कागदाऐवजी मोबाइल. काकूंना एवढंच सांगून ठेवा, कोणी विचारलं तर "माणसं ठाण्याला असतात" म्हणा. "येतील आता शिमग्याला" म्हणाल्या, की बिचारा प्रगणक शिमग्यापर्यंत खेटे घालतो. मी घातलेत.