अनुभव धागा : शेजारचा पार्टी-बंगला आणि आपला रहवासी संघ

सुदामानगर, इंदूर

आमच्या गल्लीतला एक बंगला मालकाने दिवसाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्याला आता दोन वर्षं होतील. वाढदिवस, बॅचलर पार्ट्या, गच्चीवर डीजे, रात्री अडीच-तीनपर्यंत. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या. फळीवरच्या वाट्या किणकिणायला लागल्या की त्या अंधारातच उठायच्या आणि एकेक वाटी खाली काढून चटईवर ठेवायच्या. ते मला बघवेना.

आधी मी एकटीच ११२ ला फोन करायचे. पोलिसांची गाडी आली की आवाज उतरायचा, गाडी वळली की पुन्हा चढायचा. तक्रार कोणाची हे कळल्यावर पुढच्या पार्टीला गाड्या नेमक्या आमच्या फाटकासमोर लागल्या. मग मात्र प्रकरण रहवासी संघाच्या बैठकीत नेलं. संघ १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेला असल्याने ठराव करून संघाच्याच शिक्क्याने अर्ज देता आला. सोबत माझी वही जोडली : तारीख, आवाज सुरू कधी, बंद कधी, पोलीस आले ती वेळ. चार महिन्यांच्या २३ नोंदी. मालक पहिल्यांदा बोलायला आला तो ती वही बघून. डीजे थांबला, पार्ट्या नाही. आता दिवाणी दावा चालू आहे.

तुमच्याकडे काय झालं? नेमक्या कोणत्या कागदाने काम झालं तेही लिहा, आमच्यासारख्यांना त्याचाच उपयोग होतो.

लश्कर, ग्वाल्हेर

आम्ही एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे गेलो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १३३, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. यात उपद्रव थांबवण्याचा सशर्त हुकूम निघतो आणि समोरच्याला हजर होऊन कारण दाखवावं लागतं. पण पहिल्याच तारखेला विचारणा झाली, हा त्रास सार्वजनिक कसा? दोन शेजाऱ्यांचं भांडण असेल तर हे कलम लागत नाही. मग तीन गल्ल्यांतून शपथपत्रं गोळा केली. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या एका नर्सबाईंनी दिलं, बारावीच्या मुलाच्या वडिलांनी दिलं. ज्यांच्या भिंतीला भिंत, त्यांनीच दिलं नाही. मालक त्यांच्या नात्यातला. त्यांच्यावर राग नाही, पण तेव्हा फार लागलं होतं. हुकूम निघाला, आणि रात्री दहानंतर शांतता आहे.

तिलकनगर, इंदूर

ताई, तुमची वही मूळ स्वरूपात जपून ठेवा, नुसत्या झेरॉक्सवर राहू नका. मी वकिली करते म्हणून सांगते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. ‘आमच्या घरात आम्ही काहीही करू’ याला हेच उत्तर. बंद सभागृहाला रात्रीची सूट आहे, गच्चीला नाही. आपल्याकडे १९८५ चा मध्यप्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे.

दाव्याचं म्हणाल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दोन रहिवासीसुद्धा न्यायालयाच्या परवानगीने सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावू शकतात, स्वतःचं वेगळं नुकसान दाखवावं लागत नाही. दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्या. निकालाला वर्षं लागतात, सासूबाईंना झोप आजच हवी आहे.

मांजलपूर, वडोदरा

आमच्या सोसायटीत पार्टीवाले म्हणायचे, गरबा चालतो तर आमचं का नाही? गरब्याला सणापुरती रात्री १२ पर्यंत सवलत मिळते, तीही सरकार जाहीर करतं आणि वर्षातून १५ दिवसांपलीकडे नाही. हे सर्वसाधारण सभेत वाचून दाखवलं, बंगला रोजच्या भाड्याने देऊ नये असा ठराव केला आणि वकिलाची नोटीस धाडली. पुढे काही करावं लागलं नाही.

पुणे, माहेर इंदूर

मी दुसऱ्या बाजूची आहे. वडील गेल्यावर इंदूरचं घर रिकामं पडलं, ओळखीच्या एका मुलाने ‘मी सांभाळतो, भाडंही येईल’ म्हटलं. दर महिन्याला पैसे यायचे, मी कधी विचारलं नाही. संघाची नोटीस आली तेव्हा संताप आला, ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढले तेच लोक कोर्टात खेचतात म्हणून. तडक निघून आले आणि मुद्दाम शेजारच्या काकूंकडे मुक्काम केला.

शनिवार होता. पावणेदोनला काकू उठून बसल्या, मला म्हणाल्या, ‘तू झोप गं, मला सवय झाली आहे.’ सकाळी कचरागाडी आली. आमच्या फाटकातल्या पोत्यांत बाटल्या, केक, हाडं सगळं एकत्र, गाडीवाल्याने घेतलं नाही. काकू हातमोजे घालून ते निवडायला बसल्या. दर रविवारी बसतात म्हणे, नाहीतर दिवसभर फाटकाशी कुत्री जमतात.

त्याच दिवशी त्या मुलाकडून किल्ल्या परत घेतल्या आणि संघाला लेखी हमीपत्र दिलं. सध्या एक कुटुंब घर बघून गेलं आहे, दोन लहान मुलं आहेत. काकूंना विचारूनच होकार कळवणार आहे.