मदत हवी आहे: मैत्रिणीनं शिवलेली वाकळ विरतेय

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. तेव्हा औशाच्या मैत्रिणीनं तिच्या आईची जुनी लुगडी लावून मला वाकळ शिवून दिली. धावदोरा इतका बारीक, की बघत राहावं. आता घडीवर वरचं लुगडं विरलंय, दोरे मात्र शाबूत आहेत. तिला आता दिसत नाही, नाहीतर तिच्याकडंच गेले असते.

तिचा एकही टाका उसवायचा नाही. विरलेल्या जागी वरून मलमल लावली तर टिकेल का? लाल काठाचा रंग जातो, मग धुवावी कशी? नवी शिवून घे म्हणतात सगळे, पण मला हीच पांघरायचीय. लातूर-धाराशिवकडं हातानं वाकळ शिवणाऱ्या बाया कुणाला माहीत असतील तर कृपया सांगा.