कुकीकटर शार्क आणि गव्हावरचा तांबेरा: एकाच माळेचे मणी?

प्रश्न:
तांबेरा (बुरशीचा रोग) पडलेल्या गव्हातून फिरून आलो की लेंगा गुडघ्यापर्यंत तांबडा होतो. काल कुकीकटर शार्कबद्दल वाचलं. जेमतेम अर्ध्या मीटरचा मासा, देवमाशाचा गोल लचका तोडतो, पण जीव घेत नाही. तांबेराही झाड जिवंत ठेवूनच खातो. मग दोघे सारखेच ना?

उत्तर १:
दादा, अर्धंच जुळतं. शार्क ओठांनी चिकटतो, गिरकी घेतो, पाचेक सेंटिमीटरचा गोळा काढून निघून जातो. तांबेरा पेशीत शोषकांगं (अन्न ओढणारे बारीक अवयव) घुसवून तिथंच मुक्काम ठोकतो. जिवंत पेशीशिवाय त्याचं पान हलत नाही.

उत्तर २:
प्रवासही बघा. शार्क दिवसा हजार मीटरखाली, रात्री वर. तांबेऱ्याचे बीजाणू, म्हणजे बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण, वाऱ्यावर जातात. मैदानातल्या उन्हाळ्यात तो टिकत नाही, डोंगरातून पुन्हा उतरतो, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ करमचंद मेहतांनी दाखवलं. दक्षिणेत काळा (खोडावरचा) तांबेरा निलगिरी-पळणीच्या डोंगरांकडून येतो.

प्रश्नकर्ता:
निलगिरीहून! आजोबा म्हणायचे, "रोग वाऱ्यानं आला." मी मात्र बियाण्यालाच दोष देत बसलो होतो.