तेलाच्या शेअरचा डिव्हिडंड: पडत्या बाजारातला आधार की गाफील ठेवणारी सवय?

कॅल्गरीकर

बाजार हिंदकळला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास एकच प्रश्न येतो: सनकोर, कॅनेडियन नॅचरल या कॅनडाच्या तेल कंपन्या आणि एन्ब्रिज ही पाइपलाइन कंपनी, यांचे शेअर विकून मोकळं व्हावं का? माझं मत विकू नये असं आहे. का ते मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

एप्रिल २०२५ आठवा. २ तारखेला ट्रम्प यांनी देशोदेशींच्या आयातशुल्काचा तक्ता दाखवला. दुसऱ्याच दिवशी ओपेक प्लस या तेल-उत्पादक देशांच्या गटातल्या आठ देशांनी मेपासून रोज ४ लाख ११ हजार पिंपं जास्त काढायचं ठरवलं. आठवड्याभरात अमेरिकी कच्चं तेल पिंपाला ६० डॉलरच्या खाली गेलं. ग्रुपमधल्या दोघांनी त्याच आठवड्यात सगळं विकलं. त्या भावालाही कंपनीच्या हातात पैसा उरतो का, हे दोघांनीही पाहिलं नव्हतं.

टेक्सासमधली शेल खडकातली तेलविहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त आटते. उत्पादन टिकवायचं तर नव्या विहिरी पाडत राहावं लागतं. ऑइल सँड्सच्या, म्हणजे तेलमिश्रित वाळूच्या खाणीचं तसं नाही. आल्बर्टा या आमच्या तेलाच्या प्रांतात, फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला, कॅनेडियन नॅचरलच्या होरायझनसारखी खाण उभारायला अब्जावधी डॉलर ओतावे लागतात, पण एकदा उभी राहिली की ती दशकानुदशकं चालते आणि आटण्याची चिंता जवळजवळ नसते. तेल ४०-४५ डॉलरच्या आसपास असलं तरी देखभाल आणि डिव्हिडंड (कंपनी भागधारकांना वाटते ती रक्कम) दोन्ही भागतं, असं कॅनेडियन नॅचरल सांगत आली आहे. आणि हे नुसतं सांगणं नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. मी तो आकडा पडद्यावर दोनदा तपासला होता. त्या वर्षीही या कंपनीने डिव्हिडंड कापला नाही.

स्कारबरोचा हिशेबनीस

कॅल्गरीकर, तुम्ही तगलेल्या कंपनीचं उदाहरण दिलंत. बुडालेल्यांचं कोण देणार?

त्याच २०२० मध्ये सनकोरने तिमाही डिव्हिडंड ४६.५ सेंटवरून २१ सेंटवर आणला. २००८-०९ च्या मंदीत तो सांभाळलेली कंपनी होती ही, म्हणून लोक निर्धास्त होते. सेनोव्हस या दुसऱ्या तेल कंपनीने तर तो थांबवलाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये सनकोरने दुप्पट करून ४२ सेंट केला हे खरं. पण ज्याचं घरभाडं त्या पैशातून जात होतं, त्याने मधलं दीड वर्ष काय करायचं?

तेलाबाहेरचंही बघा. मे २०२५ मध्ये बीसीई या टेलिफोन कंपनीने वर्षाचा डिव्हिडंड ३.९९ डॉलरवरून १.७५ वर आणला. कपातीआधी पडद्यावर १२ टक्क्यांहून जास्त परतावा दिसत होता. कित्येकांना ती पर्वणी वाटली. परतावा मोठा दिसत होता कारण भाव कोसळला होता, आणि भाव कोसळला होता कारण हे झेपणार नाही हे बाजाराने ओळखलं होतं.

डिव्हिडंड म्हणजे ठेवीवरचं व्याज नव्हे. तो द्यायचा की नाही हे संचालक मंडळ दर तिमाहीला ठरवतं, आणि दिला की शेअरची किंमत तेवढी उतरते. आपल्याच डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात येतात. माझा सल्ला साधा आहे: अख्ख्या बाजारातले शेअर एकत्र घेणारा इंडेक्स फंड घ्या, पैसे लागले की थोडे युनिट विका. टोरांटोच्या शेअर निर्देशांकात तेल आधीच भरपूर आहे, वेगळं कशाला?

ब्रॅम्प्टनमधला नवा

नमस्कार. मला इथे येऊन जेमतेम वर्ष झालं. मित्र म्हणतो एन्ब्रिज म्हणजे आपल्याकडच्या एफडीसारखी, कारण ती तेल विकत नाही, फक्त टोल घेते. हे बरोबर आहे का?

कॅल्गरीकर

टोलचं बरोबर, एफडीचं नाही.

एन्ब्रिजची मेनलाइन ही मुख्य पाइपलाइन आल्बर्टातून अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडे रोज साधारण ३० लाख पिंपं नेते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तुमच्या ट्रकमध्ये कांदे आहेत की टीव्ही, याने टोल बदलत नाही, तसंच हे. कंपनीला पिंपं मोजायची असतात, भाव नाही. म्हणून ३० वर्षं सलग डिव्हिडंड वाढवता आला, त्यात २००८ आलं, २०१५ आलं आणि २०२० पण आलं.

आल्बर्टाच्या तेलाला वाट मिळणं किती मोलाचं आहे हे २०१८ च्या शरद ऋतूत कळलं. पाइपलाइन भरलेल्या, रेल्वे अपुरी. इथलं जड तेल अमेरिकी तेलापेक्षा ४० डॉलरहून स्वस्त विकलं जात होतं. शेवटी आल्बर्टाच्या नॉटली सरकारने १ जानेवारी २०१९ पासून उत्पादनावर मर्यादा घातली. १ मे २०२४ ला ट्रान्स माउंटन पाइपलाइनचा वाढवलेला भाग सुरू झाला, क्षमता ३ लाखांवरून ८ लाख ९० हजार पिंपांवर गेली, आणि भावातला हा फरक बराच आटला. त्यामुळेच मी म्हणतो, आजचा कॅनडा २०१८ चा नाही.

स्कारबरोचा हिशेबनीस

टोलवालेही पडतात. अमेरिकेतली किंडर मॉर्गन टोलवालीच. डिसेंबर २०१५ मध्ये तिने डिव्हिडंड तीन चतुर्थांश कापला, कारण कर्ज डोईजड झालं होतं. इथे टीसी एनर्जीच्या कोस्टल गॅसलिंक या गॅस पाइपलाइनच्या खर्चाचा अंदाज ६.२ अब्ज डॉलरवरून १४.५ अब्जांवर गेला. आणि बँक ऑफ कॅनडाने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर ०.२५ वरून ५ टक्क्यांवर नेला, तेव्हा टोल नीट जमा होत असतानाही पाइपलाइनचे शेअर उतरले. कर्जावर उभ्या असलेल्या धंद्याला तेलाच्या भावाइतकाच व्याजाचा दर बघावा लागतो. नव्या मित्राला हे आधी सांगा.

प्रेअरीवरची

तुम्ही दोघं कंपन्यांबद्दल बोलताय. मी घराबद्दल बोलते.

२०१५ मध्ये आम्ही कॅल्गरीत होतो. नवरा एका तेल कंपनीत, मी त्या कंपनीला सेवा पुरवणाऱ्या छोट्या फर्ममध्ये. पगारातून दर महिन्याला कंपनीचेच शेअर घेत होतो. आपण टाकू त्यात कंपनी भर घालायची, सोडणार कोण? पहिल्या लेऑफमध्ये त्याचं नाव नव्हतं. दुसऱ्यात होतं. माझी फर्म चार महिन्यांनी बंद झाली. तोवर शेअर निम्म्यावर आले होते आणि घर विकायला काढलं तर बघायलाही कोणी येईना, कारण आमच्या गल्लीत तशाच पाट्या आणखी तीन होत्या. २०१६ च्या अखेरीस शहराची बेरोजगारी १० टक्क्यांच्या वर होती.

पगार, घर आणि बचत अशा तिन्ही घागरी आम्ही एकाच दोरीला बांधल्या होत्या.

कॅल्गरीकर, तुमचं खाणीबद्दलचं सगळं खरं असेल. कंपनी तगेल, डिव्हिडंडही देईल. पण तुमची नोकरीही तेल कंपनीतच; ती गेली तर तोच शेअर तुम्हाला सगळ्यात वाईट भावाला विकावा लागेल. पगार तेलातून येत नाही अशा हॅलिफॅक्सच्या शिक्षकाने सनकोर धरून ठेवणं आणि तुम्ही धरून ठेवणं एकच नाही. भाऊ, तुमच्या एकूण बचतीत तेल किती, आणि त्यात तुमच्या स्वतःच्या कंपनीचं किती?

परतलेली पुणेकर

कराचं थोडक्यात, कारण विचारणारे बरेच असतात. टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात भरता येणाऱ्या रकमेची २००९ पासूनची एकूण मर्यादा २०२५ मध्ये १ लाख २ हजार डॉलर झाली, पण नव्याने आलेल्यांना ती सगळी मिळत नाही. तुम्ही कॅनडाचे रहिवासी झालात त्या वर्षापासून मोजतात. जास्त भरलेल्या रकमेवर महिन्याला १ टक्का दंड आहे. ब्रॅम्प्टनच्या मित्राने हे लक्षात ठेवावं.

आणि भारतात परतायचा विचार असेल तर: साध्या खात्यातल्या कॅनेडियन डिव्हिडंडवर आपल्यासारख्या छोट्या भागधारकाचा २५ टक्के कर कॅनडातच कापला जातो. रहिवासी असताना मिळणारी डिव्हिडंडची करसवलतही तेव्हा नसते. मी परतण्याआधी हा हिशेब केला नव्हता, पहिल्या तिमाहीची जमा रक्कम बघून केला.

कॅल्गरीकर

प्रेअरीवरच्या ताई, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि सकाळी बसून बेरीज केली. घराची रक्कम धरली नाही. बचतीचा ५८ टक्के भाग तेल आणि पाइपलाइनमध्ये आहे, त्यातला जवळजवळ अर्धा माझ्याच कंपनीचा. इतका असेल असं वाटलं नव्हतं.

एन्ब्रिज आणि कॅनेडियन नॅचरलबद्दल मी मत बदललेलं नाही, भीतीने विकू नये हेच म्हणेन. पण स्वतःच्या कंपनीचे शेअर जमा झाले की त्याच आठवड्यात विकणार. कंपनीची भर घ्यायची, शेअर ठेवायचे नाहीत. शिवाय आठ महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात बाजूला काढणार आहे. आज तो तीन महिन्यांचाही नाही. हिशेबनीस, त्या विक्रीच्या पैशातून तुमचा इंडेक्स फंड घेईन, पण कॅनडाबाहेरचा.

स्कारबरोचा हिशेबनीस

कॅनडाबाहेरचा, हे एकदम बरोबर. बाकी ५८ टक्क्यांवर माझं समाधान झालेलं नाही. स्वतःच्या कंपनीचे शेअर विकलेत तरी ३० च्या आसपास उरतं, आणि तुमचा पगार तेलाचाच आहे. १५ वर आणा.

प्रेअरीवरची

आधी आठ महिन्यांचा खर्च बाजूला पडू दे. आम्हाला दुसरी नोकरी मिळायला अकरा महिने लागले होते.