अनुभव धागा : दुसऱ्यांसाठी प्रार्थना, दुसऱ्यांना आशीर्वाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील ख्रिस्ती बंधुभगिनींना विनंती आहे की, आपण शेजाऱ्यांसाठी, सहकाऱ्यांसाठी किंवा आजाऱ्यांसाठी प्रार्थना कशी करता, ती त्यांना विचारून करता की मनातल्या मनात, आणि त्यातून आपल्या विश्वासाविषयी बोलण्याचा प्रसंग आला असल्यास तो कसा आला, हे येथे लिहावे. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले, तेव्हापासून या भागात सुवार्ता, म्हणजे येशूविषयीचा शुभसंदेश, शाळांतून आणि प्रवचनांतून सांगितली गेली. तथापि घराघरांत कोणी कोणासाठी काय मागितले, याची नोंद क्वचितच होते.

माझे मत आरंभीच मांडतो. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना पाठवतो तेव्हा घरात शिरताच प्रथम ‘या घरास शांती असो’ असे म्हणण्यास सांगतो. आजाऱ्यांना बरे करणे आणि देवाचे राज्य जवळ आले आहे हे सांगणे त्यानंतर येते. हा क्रम आपण पाळावा, असे मला मनापासून वाटते.

निपाणी तालुक्यातून, निवृत्त शिक्षिका

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वेदगंगा आणि दूधगंगेचे पाणी गावांत शिरले, तेव्हा विस्थापित कुटुंबांची सोय शाळांमध्ये करण्यात आली होती. आमच्या मंडळीतील महिला तांदूळ, डाळ आणि चादरी घेऊन तेथे जात असत. निघण्यापूर्वी पाळकसाहेबांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या : धान्याच्या पिशवीत कोणतेही पत्रक ठेवायचे नाही आणि कोणी स्वतःहून सांगितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. काही भगिनींना हे रुचले नाही. मला मात्र ते तेव्हाही योग्य वाटले आणि आजही वाटते, कारण उपाशी माणसाला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नसते आणि अशा वेळी मिळवलेल्या होकाराला काही अर्थ नसतो.

विड्या वळणाऱ्या एक वृद्ध मावशी तेथे होत्या. त्यांच्या घराची मागची भिंत पडली होती. आम्ही निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, तुमच्या देवालाही आमच्या घराचं सांगा की.” मी त्यांना विचारले की, आत्ता, येथेच, येशूच्या नावाने प्रार्थना केली तर चालेल का? त्यांनी पदर डोक्यावर घेतला. मी भिंतीसाठी, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणासाठी आणि तुंबलेल्या विहिरीसाठी प्रार्थना केली आणि शेवटी बायबलमधील ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील आशीर्वाद म्हटला : ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो.’

पुढे बाजारात भेटल्यावर त्यांनी त्या ओळी लिहून मागितल्या. नातवाकडून वाचून घेतल्यावर त्यांनी विचारले की, हे कोणी कोणाला म्हटले होते? तेव्हा मी मोशे आणि अहरोन यांच्याविषयी सांगितले, आणि त्यानंतरच्या भेटींत येशूविषयीही सांगितले. त्या आमच्या उपासनेला आलेल्या नाहीत. त्यांच्या घरासाठीची माझी प्रार्थना त्यामुळे थांबलेली नाही.

खानापूरहून, रुग्णालयातील परिचारिका

मी कॅथलिक आहे. कामावर असताना मी कोणालाही प्रार्थनेविषयी विचारत नाही. रुग्ण परावलंबी असतो आणि माझ्या अंगावर गणवेश असतो. वॉर्डातील प्रत्येक खाटेसाठी मी मनात प्रार्थना करते. शस्त्रक्रियेपूर्वी एखाद्याने स्वतःच हात धरला, तर त्याच्यासाठी दोन वाक्ये बोलते आणि घरच्यांना स्पष्ट सांगते की, औषधे डॉक्टरांनी सांगितली तशीच चालू ठेवावीत. प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद करा, असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रभूच्या नावाला लागणारा बोल मला फार दुखावतो.

बेळगाव कॅम्पमधून, तरुण संघाचा कार्यकर्ता

येथील सूर मला थोडा संकोची वाटतो. येशूचे नाव न घेता नुसते ‘देव तुमचे भले करो’ म्हटले, तर ते सर्वच जण म्हणतात. त्यात आपली साक्ष कोठे राहिली?

*(धागाकर्ता : नाव घ्यावे, याविषयी मी आपल्याशी सहमत आहे. समोरच्याने कशाला होकार दिला हे त्याला ठाऊक असणे, हा त्याचा हक्क आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्याला उत्तर द्यावे, आणि तेही सौम्यतेने द्यावे, असे म्हटले आहे. विचारपूस होईपर्यंत थांबण्याला मी संकोच म्हणणार नाही.)*

वडगावहून, यंत्रमाग कामगार

पहाटे पाळीवर जाताना गल्लीतील प्रत्येक दारासमोरून चालत त्या घराचे नाव प्रभूपुढे घेतो. त्यातली काही घरे मराठी आहेत, काही कन्नड. बहुतेकांना हे माहीत नाही.

हिंडलग्याहून, गृहिणी

डिसेंबर २०२१ मध्ये येथील सुवर्ण विधानसौधमध्ये भरलेल्या अधिवेशनात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले, तेव्हा आमच्या घरी होणाऱ्या प्रार्थनासभेला येणारी माणसे धास्तावली. काहींनी खिडक्या लावून घेण्याचे सुचवले. सासूबाईंनी उलट शेजारच्या काकूंना आधी कळवले की, शुक्रवारी गाणी होतील, त्रास वाटल्यास सांगावे, आणि तुमच्यासाठी काही मागायचे असल्यास तेही सांगावे. काकूंनी मुलीच्या लग्नाचे सांगितले. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात छळ करणाऱ्यांनाही आशीर्वाद देण्यास सांगितले आहे. आमचा तर कोणी छळही केला नव्हता, मग भिंतीपलीकडच्या माणसांना भिऊन का राहावे, असे सासूबाईंचे म्हणणे होते.

चिकोडीहून, शेतकरी

एका शेजाऱ्याने मला बांधाच्या दाव्यात सख्ख्या भावाविरुद्ध निकाल लागावा, अशी प्रार्थना करण्यास सांगितले. मी त्याला म्हणालो की, तुझ्यासाठी करीन, पण त्याच प्रार्थनेत तुझ्या भावाचेही नाव घेईन आणि दोघांनाही न्याय आणि समेट मिळावा, एवढेच मागेन. तो रागावून निघून गेला. उसाच्या तोडणीच्या हंगामात तो परत आला आणि म्हणाला, “बरं, दोघांची नावं घ्या.” आम्ही त्याच्या गोठ्यापाशी उभे राहून प्रार्थना केली. दावा अजून चालू आहे, आणि त्याच्या भावानेही मला घरी बोलावले आहे. तेथे जाताना काय बोलावे, याविषयी ज्यांना अनुभव असेल त्यांनी कृपया लिहावे.